पलस्तराआधी पाणी

खोटं नका बोलू बाबा, फुटाणे तुमी खाल्लेच नव्हते. आमच्या कॉलेजात सरांसमोर दातांच्या त्या खुर्चीत आडवे पडून, गालात कापूस असताना, बोबडं बोलत तुमी सांगितलं, "मीच फुटाणे फोडले म्हणून फिलिंग पडलं जी साहेब, पोरीची काई चूक नाई." सर हसले अन् मी वाचली. अन् वर्ध्याहून सिंदीले परत येताना एस्टीत मीच तुमच्यावर चिडली: "शिट्टी वाजवता यावी म्हणून पाडलं ना फिलिंग?" तुमी खिडकीबाहेर पाहत एक लांब शिट्टी मारली. पुढच्या सीटवरची बाई दचकून उठली. हे तुमचं उत्तर.

समोरच्या दाताचा कोपरा तर कधीचाच तुटला होता. त्या फटीतून निघणारी शिट्टी साऱ्या गावाले माहीत. बांबूवर उभे राहून तुमी शिट्टी दिली की खाली मसाला कालवणाऱ्या बाया घमेलं उचलत. असा गवंडी माणूस, अन् घशात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनचा शेक द्यावा लागते, पण आधी दात नीट करून घ्या. शेकानं तोंड कोरडं पडते, फोडं येतात, मग हा धारदार कोपरा रोज ओठ कापन. शेकाची तारीख ठरलेली, अन् मी दातांच्या कॉलेजात याच गोष्टीवर डोकं फोडून राह्यली होती: दाताले फिलिंग घट्ट कसं धरते. म्हणून सरांनी तुमचा दात माझ्याच हाती दिला. दात खरखरीत कराले निळं आम्ल लावलं, धुतलं, अन् हवा मारून मारून दात खडूसारखा पांढराफेक कोरडा केला. जुन्या बुकात तसंच होतं ना. चौथ्या दिवशी फिलिंग तुमच्या हातात.

सरांकडून परत आलो त्या सांजी तुमी ओट्यावर बसले होते. मी बरणी घेऊन आली, प्रयोगासाठी जमवलेले, पाण्यात ठेवलेले दात. आई ओरडली, "घरात मेल्या लोकाईचे दात आनते का वो?"

"जित्या लोकाईचे हायेत आई. उपटलेले."

"मंग त वापस मागाले येतीन!"

तुमी एक दात बोटावर घेतला, भिंत पाहता तसा पाहिला. "याले सुकवते काऊन?"

"चिकटाले पाहिजे म्हणून."

"कोरड्या भितीवर पलस्तर धरते का? भीत सारं पानी पिऊन टाकते अन् मसाला पोपडा होऊन पडते. आधी पानी मार. वाहू देऊ नको, नुसती ओल ठेव."

"दात म्हणजे भिंत नाई बाबा."

"मंग कोपरा पडला काऊन?"

"काऊन म्हनजे? फुटाणे खाल्ले ना तुमी!" आई आतून म्हणाली. तुमी माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "हो ना. खाल्ले."

मी कॉलेजात जाऊन अर्धे दात कोरडे केले, अर्धे ओल्या कापसानं नुसते टिपले. साऱ्याईले फिलिंग लावलं, अन् ते किती धरते हे पाहाले मशीन ओढून राह्यली. कोरड्याचं फिलिंग टपकन सुटते, ओल्याचं सुटता सुटत नाई. मी नाचलीच तिथं. सर म्हणाले, "कुठं वाचलं हे?" मी म्हटलं, "वाचलं नाई सर, ओट्यावर ऐकलं." त्यांनी स्वतः पुन्हा ओढून पाहिलं, मग म्हणाले, "बोलाव वडलांना." शेकाच्या दोन दिवस आधी तुमचा कोपरा परत लागला, ओल्यावर.

मग ते कठीण हप्ते आले. मी बोटाले ओली जाळीपट्टी गुंडाळून तुमच्या हिरड्या पुसते, कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून गुळण्या देते, अन् बोलता येत नाई म्हणून तुमी पाटीवर लिहिता, "भीत ओली ठेवजो." आजारात तोंडाची काळजी म्हणून मी पुढं कितीक लोकाईले शिकवलं, पण इतकं सोपं कोणी लिहून दिलं नाई. फोडं बरी झाली तेव्हा एका सकाळी ओट्यावरून हवा सुटल्यासारखा आवाज आला. फट बुजली होती, तर तुमी ओठाच्या कोपऱ्यातून नवी शिट्टी शोधून राह्यले होते. तिसऱ्या टायमाले ती लागली. चहा उतू गेला, आई हसून राह्यली, कोणीच उठलं नाई. पुढं कितीक भिंती तुमी त्याच शिट्टीवर उभ्या केल्या. तुमी गेले तेव्हाही कोपरा जागच्या जागी होता.

आज माझ्या दवाखान्याची नवी खोली होऊन राह्यली हाये. गवंडी भिंतीवर पाणी मारते अन् मी कामं सोडून पाहत बसली. हे लिहिलं ते त्याच्यामुळं. पोस्टात टाकाले काही पत्ता नाई, बरणीखाली ठेवते.

एकच राह्यलं. त्या सांजी मी फुटाण्याचा डबा उघडला होता. पुडी दोऱ्यासकट तशीच बांधलेली होती. मी झाकण लावलं, अन् आईले काईच सांगितलं नाई.

आता काही म्हणू नका. खुर्चीत पेशंट बसला हाये, दात धुवून झाला, तो सुकाच्या आधी पोचाले पाहिजे. चालली मी.