वाम जेवली होती

२ जुलै १९६३, यवतमाळ
आज कॉलेजात रुजू झालो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक! राळेगावच्या मोटारीतून उतरलो तेव्हा ट्रंक डोक्यावर आणि डिग्रीचा कागद सदऱ्याच्या आत, छातीशी. आमच्या घरातला पहिलाच बी.एस्सी. निघताना बाबा म्हणाले, गोविंदा, तेथं मान वर करून राह्यजो.

प्रयोगशाळेत शिरलो आणि पाहतच राहिलो. भिंतीलगत सागवानी चौकटीची काचेची टाकी, चार हात लांब, आणि तिच्यात चक्क समुद्र. विभागप्रमुख विठ्ठलरावांनी मुंबईहून पिंपांतून खारं पाणी आणवलं, धामणगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढं ट्रकनं. एक वाम आहे, हातभर लांब, पिवळी, अंगावर काळे ठिपके. दगडाच्या कपारीतून फक्त तोंड बाहेर काढून बसते. एक हेकरू मासा आहे, त्याचा जबडा पिशवीसारखा. मी आजवर नाल्यातल्या मरळीपलीकडे काही पाहिलं नव्हतं. मन भरून आलं.

५ जुलै
तीन घरांत आडनाव विचारलं आणि खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं. ते ऐकून प्रयोगशाळेचा शिपाई हरिसिंग मला सरळ आपल्या घरी घेऊन गेला. पन्नाशीचा, तांड्यावरून शहरात आलेला. मागची खोली त्यानं झाडून ठेवली होती. त्याच्या बायकोनं, रुपीबाईनं, ताटात भाकर आणि भेंडीची भाजी वाढली. त्यांची लेक गंगी हसून म्हणाली, मास्तर फारच कमी जेवतात.

१८ जुलै
विठ्ठलरावांनी टाकीचे नियम शिकवले. दुसऱ्याच्या तोंडात मावेल असा मासा सोडायचा नाही. नवा मासा आणायचा तर आधी सगळे दगड हलवायचे. मग जुन्यांना आपली हद्द सापडत नाही, सगळेच नवखे होतात आणि भांडण टळतं. त्याआधी वामेला पोटभर खाऊ घालायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

हात मात्र हरिसिंगाचा. तो पाण्यात कोपरापर्यंत हात घालून दगड हलवतो आणि वाम त्याच्या बोटांजवळून निघून जाते. तो म्हणाला, मास्तर, पोट भरलं असलं तं ही गाय हाये, उपाशी असली तं मानसाले वळखत नाही. मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरून तो बारीक नळीनं टाकीत बुडबुडे सोडतो. दिवसातून चार वेळा. कंटाळत नाही.

६ नोव्हेंबर
विठ्ठलराव मुलीच्या लग्नासाठी महिनाभर अमरावतीला गेले. टाकी माझ्या हवाली. मंगळवारी तपासणीचे लोक येणार आहेत. मुंबईहून दोन पट्टेरी मासे आले ते आज सोडले. वाम दिवसचे दिवस कपारीतच असते. पाहुण्यांना नुसतं तोंड काय दाखवायचं? शनिवारपासून तिचं खाणं मीच घालीन असं हरिसिंगाला सांगितलं.

१२ नोव्हेंबर
आज तपासणी झाली.

पाच जण आले. वाम सबंध बाहेर आली, टाकीभर फिरली. एकानं माझी पाठ थोपटली. तेवढ्यात कडेचा दगड घसरला आणि एक पट्टेरी मासा त्याखाली अडकला. मी हरिसिंगाला दगड उचलायला सांगितलं. त्यानं बाही सारली आणि हळूच विचारलं, मास्तर, जेवली काय ही?

मी हो म्हणालो.

तिनं अंगठ्याच्या मुळाशी धरलं. हात बाहेर ओढला तेव्हा ती हाताला लोंबकळत होती. तो ओरडला नाही. पाहुण्यांकडे पाठ करून उभा राहिला, त्यांना रक्त दिसू नये म्हणून.

गडबडीत मी वामेला खाऊ घालायचं विसरलो होतो.

१५ नोव्हेंबर
प्राचार्यांनी लेखी जबाब मागितला. मी लिहिलं : शिपायाने परवानगीशिवाय हात घातला. वाम जेवली होती.

नोकरी गेली असती. बाबांना काय तोंड दाखवलं असतं?

दवाखान्यात गेलो. हरिसिंगाचा हात कोपरापर्यंत काळानिळा, फुगलेला. मला पाहून म्हणाला, मास्तर, तुमी कायले रडून राह्यले? तिची चूक नाही आन तुमची बी नाही.

२१ नोव्हेंबर
हरिसिंग पहाटे गेला. जखम चिघळून विष रक्तात भिनलं होतं. मी खांदा दिला. रुपीबाईनं मला घरचाच माणूस म्हणून पुढं उभं केलं.

२६ नोव्हेंबर
सकाळी कुलूप काढलं. टाकीतले सगळे दगड हलवलेले होते. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात होती.

२७ नोव्हेंबर
पुन्हा दगड हलवलेले. आणि हवेची ट्यूब गच्च भरलेली. मी पंपाला हात लावलेला नाही.

कोण नवखा येणार आहे?

२९ नोव्हेंबर
वाम काही खात नाही. झिंगे दिले, मटण दिलं. तुकडा बाजूला सारून ती माझ्याकडे बघत राहते. हेकरू पण. पट्टेरी मासे तिच्या जबड्याला चिकटून उभे आहेत आणि ती त्यांना काही करत नाही. सगळे एका बाजूला, तोंडं माझ्याकडे—

१ डिसेंबर
काचेवरच्या शेवाळात पंजा उमटलाय. आतून. चार बोटं आणि अंगठा, फुगलेला—

पुसता येत नाही. आतून आहे.

३ डिसेंबर
रुपीबाई प्रयोगशाळेत आली. हरिसिंगाच्या बोटात चांदीची अंगठी होती, ती दवाखान्यात नव्हती. पाण्यात पडली असेल म्हणाली, बांगड्या मागे सारल्या आणि टाकीकडे गेली. मी ओरडलो. तिचा हात धरला. मग सगळं सांगितलं, जबाबात काय लिहिलं तेसुद्धा.

ती रडली नाही. बांगड्या पुन्हा पुढे ओढून म्हणाली, तुमाले पयल्या दिवशी भाकर वाढली तवा म्या तुमचं गाव बी नाही इचारलं.

मग म्हणाली, अंगठी तेवढी काढून द्या.

४ डिसेंबर, सकाळ
रुपीबाई दारात बसली आहे. हात घालण्याआधी लिहितो. तिलासुद्धा काल पूर्ण खरं सांगितलं नाही.

मी विसरलो नव्हतो. वामेला तीन दिवस मुद्दाम उपाशी ठेवलं, पाहुण्यांपुढे तिनं बाहेर यावं म्हणून. हरिसिंगानं विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं. तरी हो म्हणालो. पाठ थोपटलेली अजून गरम होती.

वही टाकीशेजारच्या टेबलावर. डावा हात पाण्यात. लिहिणं थांबवत नाही, थांबलो तर हात काढून घेईन.

वाम उजव्या कोपऱ्यात आहे. दिसते आहे. लांब. हलत नाही.

अंगठी दिसली — वाळूत — बोटं पोचली—

ओढतो, येत नाही. अडकली आहे — नाही, बोटात आहे — वाळूखाली बोट — आता वाकलं—

रुपीबाई उठून आली. आत येऊ नको म्हणालो — ती ऐकत नाही — पाण्यातून तिला नावानं हाक आली म्हणते—

वाम तिथंच आहे. मग माझं मनगट कोणी—