केराबाईंच्या रानातल्या दोन दीर्घिका

मंगळवेढा, चैत्र अमावास्या

ती. ताईस,

गोदावरीचा नमस्कार. (लांबूनच. वाकले की तुलाच मला उठवावं लागतं.) भवानी पेठेत उन्हाचा तडाखा कसा आहे? गुडघे काय म्हणतात? इकडे श्रावणी आणि जावई युवराज मजेत. विहीणबाईंबद्दल काय लिहू! केराबाईंच्या मते मी भाकरी नुसती कुरतडते, माझ्या मते त्या आमटीत मिरची नव्हे, वैर घालतात. त्यात मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, म्हणजे गप्प बसणं आलंच नाही.

काल जेवणं झाल्यावर युवराजनं ज्वारी काढलेल्या रानात आपली दुर्बीण मांडली. नळी चांगली बंबाएवढी आहे. सप्तर्षींच्या शेपटाशी, मरीचीजवळ, एकमेकींना ओढणाऱ्या दोन दीर्घिका दाखवतो म्हणाला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, हे मी जन्मभर फळ्यावर शिकवलं. पाहिली एकही नव्हती. पहिला मान माझा. डोळा लावला आणि म्हटलं, "वा! काय तेज आहे!" मग केराबाई वाकल्या. "मला तर काय बी दिसंना. निस्ता अंधार हाय की!" नजर कमवावी लागते, असं मी त्यांना समजावत होते, तेवढ्यात युवराज ओरडला, "थांबा, नळीवरचं झाकण काढायचंच राहिलं!"

(ताई, अशा वेळी धरणी पोटात घेत नाही. अख्खं रान भेगाळलेलं असूनही नाही.)

केराबाई हसल्या नाहीत. युवराजनं नेम पुन्हा जुळवल्यावर त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, डोईवर पदर घेतला आणि डोळा लावला. मग हळूच म्हणाल्या, "इनबाई, या. युवराज सांगतुय तसं, थेट बघू नगा, जरा कडंला बघा. दोन हायत."

मी वाकले. आधी काळोख. मग पिंजलेल्या कापसाचे दोन पुंजके, एक मोठा, एक त्याला बिलगलेला लहान. इतके फिके, की श्वास सोडला तर विझतील. युवराज सांगत होता, धाकटीच्या ओढीनं थोरलीचा एक हात लांबत गेलाय, आणि हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. हेच वाक्य मी वर्गात किती सहज बोलून जायची! केराबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "एवढ्या लांबनं आलं," त्या पुटपुटल्या, "आन् आपल्या डोळ्यात!"

भानावर आले तेव्हा ज्वारीचे सड तळव्यांना टोचत होते. माझ्या चपला मी कधी काढल्या, आठवत नाही.

तुझी,
गोदू

ता. क. तू 'मी पडले, ताबडतोब ये' असा फोन करून मला इथून सोडवायचंस, असं आपलं ठरलं होतं. कृपा करून पडू नकोस.

आणखी ता. क. अगदी खरोखरच पडलीस, तर श्रावणीला फोन कर. मी रानात असेन.