संगणक, कन्सोल आणि राहिलेला मुद्दा

पप्पा, धाकटीला नोकरी लागली आहे आणि पहिल्या पगारातून तिला खेळण्यासाठी काहीतरी घ्यायचे आहे. संगणक घ्यावा की कन्सोल, हे तिचे ठरत नाही. काल भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ताई, तूच सांग. तुझ्याकडे उत्तर तयारच असणार, मुद्देसूद." तिने चेष्टा केली होती. तिच्या हे लक्षात नव्हते की हे उत्तर मी खरोखरच एकदा लिहिले आहे आणि तपासायला तुमच्याकडे दिले होते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षे झाली.

तुमचे दुकान रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत होते. संगणक जोडून देणे आणि बिघडलेले दुरुस्त करणे, हा तुमचा व्यवसाय. शाळा सुटली की मी तिथे येऊन मागच्या बाकावर पुस्तक घेऊन बसत असे. गिऱ्हाइकांशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून पुस्तक चेहऱ्यासमोर धरत असे, हे तुम्ही ओळखले होते. पण कधी बोलून दाखवले नाही. कॅबिनेट उघडण्याआधी तुम्ही त्याच्या पत्र्याला हात लावता आणि क्षणभर थांबता. अंगातली वीज उतरू द्यायची असते, असे तुम्ही मला सांगितले होते. मला मात्र ते देवळाच्या पायरीला हात लावण्यासारखे वाटते. निफाडकडून आलेल्या संगणकांत द्राक्षबागेतल्या गंधकाची पिवळी भुकटी साचलेली असते. ती तुम्ही पायरीवर नेऊन ब्लोअरने उडवता आणि शेजारचा चहावाला ओरडतो, "अहो शेठ, माझ्या दुधात पाडू नका!"

तिकडचेच एक बागायतदार एकदा दोन्ही लेकींना घेऊन आले होते. "पोरींना गेम खेळायला पायजे. काम्पुटर घेऊ का ते टीव्हीला लावायचं? लय टिकंल असं सांगा." तुम्ही म्हणालात, "दादा, संगणक सारखा आजारी पडतो, पण दवाखान्यात आणता येतो. ते दुसरं कधी आजारी पडत नाही. पडलं की गेलंच." ते हसले आणि संगणकाची मागणी नोंदवून गेले. ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "त्या खोक्यालाही स्क्रू असतात. पण ते माझ्यासाठी नसतात." तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. बंद डब्याबद्दल तुम्हाला थोडा आदरच असावा, असे आज वाटते.

दहावीचा निकाल लागला आणि मी शाळेत पहिली आले. गावभर संगणक जोडून देणाऱ्याच्या घरी संगणक नव्हता. तो आता येणार, हे मी गृहीत धरले होते. संध्याकाळी तुम्ही स्कूटरवर पायांशी एक खोके ठेवून आलात. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, मी पेढे आणायला सांगितले होते. हे काय आणलंत?" खोक्यात कन्सोल होता. त्याबरोबर हातात धरून खेळायचा एकच कंट्रोलर येतो. दुसरा तुम्ही वेगळा, वेगळ्या पाकिटातून आणला होता. तुम्ही दोन्ही टीव्हीसमोरच्या सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवलेत. धाकटीने एक लगेच उचलला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब गं, आधी ताई. तिचं बक्षीस आहे."

मी म्हणाले, "याच्यावर अभ्यास होत नाही."

"झाला की आता अभ्यास. सुट्टी आहे."

मी आत गेले. मला भांडता येत नसे. लिहिता येत असे. वहीचे पान घेतले, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि वर लिहिले, 'फरक स्पष्ट करा: संगणक व कन्सोल'. परीक्षेत अशा प्रश्नाला चार मुद्दे पुरतात. मी आठ लिहिले. संगणकाचे सुटे भाग बदलता येतात. कन्सोल जसा घेतला तसाच राहतो. संगणकावर खेळाखेरीज लेखन, गणित व चित्रकला शक्य आहे. कन्सोल मुख्यतः खेळासाठीच असतो. संगणकावर खेळ सुरू करण्यापूर्वी जुळवाजुळव करावी लागते, त्यातून यंत्राचे ज्ञान मिळते. कन्सोल सुरू करताच खेळता येते, त्यामुळे ज्ञानात भर पडत नाही. हे शेवटचे वाक्य मला फार आवडले होते.

तुम्ही ते पान उभ्यानेच वाचलेत. चष्मा कपाळावर सरकवलात, पुन्हा खाली घेतलात. "बरोबर आहे सगळं," तुम्ही म्हणालात. "अक्षरही छान." मग म्हणालात, "एक मुद्दा राहिला बहुतेक."

"कोणता?" मी विचारले.

तुम्ही सतरंजीकडे पाहिलेत. "असू दे."

दुसऱ्या दिवशी खोके स्कूटरवरून परत गेले. आठवड्याभराने माझ्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः जोडलेला संगणक आला, उत्तम, आवाज न करणारा. त्यावर तुम्ही गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ घालून ठेवला होतात. एकाच कीबोर्डवर दोघांना खेळता येईल असा. दुकानातले प्लास्टिकचे स्टूलही आणून माझ्या खुर्चीशेजारी ठेवलेत. दोन-तीनदा तुम्ही त्यावर येऊन बसलात. "चालतोय ना नीट?" "हो." "काही अडलं तर सांग." काही अडत नव्हते, तुम्ही तो फारच चांगला जोडला होता. मग तुम्ही उठून जात असा. दिवाळीनंतर त्या स्टुलावर मी शब्दकोश ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

ते पान तुम्ही दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवले होते, हे दुकान रिकामे करताना कळले. चहावाल्याने सांगितले, "कोणी विचारलं की शेठ आधी हे वाचायला लावायचे. माझ्या पोरीने लिहिलंय म्हणायचे." त्या पानावर किती घरांनी संगणक नेले असतील, कोण जाणे. आज वाचताना आठातले पाच मुद्दे टिकतात. तीन मी केवळ उत्तर भरण्यासाठी लिहिले होते.

काल धाकटीला मी म्हणाले, "कन्सोल घे."

"तू? तू म्हणतेस हे?"

"दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो. तोही घे."

"दुसरा घेऊन कोण बसणार? तू बसणार?" ती हसली. मग हातातली मेथी तशीच धरून म्हणाली, "लहानपणी आपल्याकडे एक आला होता ना गं? मी हातात धरला होता. पप्पा म्हणाले होते, थांब. मग तो परत दिसलाच नाही." मी हो म्हणाले. का दिसला नाही, ते सांगितले नाही.

हे पत्र त्या शब्दकोशांत राहील. ते अजून त्याच स्टुलावर आहेत. रविवारी धाकटी कन्सोल आणेल, तेव्हा स्टूल मोकळे करावे लागेल, सतरंजीवर बसले की माझी पाठ दुखते. एवढेच सांगायचे आहे की राहिलेला मुद्दा मला त्याच संध्याकाळी सुचला होता. कन्सोलसमोर दोघे शेजारी बसतात. समोरच्या, संगणकाच्या रकान्यात त्याच्या तोडीचे काही मला सापडेना, म्हणून मी आठव्या मुद्द्याखाली रेघ ओढली. मी तुम्हाला 'कोणता?' असे विचारले, तेव्हा तो मला माहीत होता.