भिजवलेला साबुदाणा

शनिवार, ११ जून २००५, उंटरश्लाइसहाइम, जर्मनी

आज देवाच्या नावावर खोटं बोलले.

उद्या मंदार आणि गौरी मला आल्प्समधला राजवाडा दाखवायला नेणार आहेत. मंदार संध्याकाळी सांगत होता, "आई, खाली खानावळ आहे. तिथे श्पेत्सल खायचं. जाड शेवया, वितळलेलं चीज, वर तळलेला कांदा." तोंडाला पाणी सुटलं माझ्या. आणि लगेच हे आठवले. तळलेला कांदा म्हणजे यांचा जीव. यांना जाऊन वर्षही झालं नाही आणि मी जिभेचे चोचले पुरवायचे? पटकन म्हणाले, "उद्या माझी एकादशी."

सूनबाईने मी पुण्याहून आणलेला शेवटचा साबुदाणा भिजत घातला. मंदार हसला, "म्हणजे राजवाड्यासमोर खिचडी!" ती म्हणाली, "आईंना उपास आणि आपण खानावळीत? बरं दिसत नाही ते."

तिच्या डोक्यावरच भिंतीला दिनदर्शिका टांगलेली होती. शाळेत न जाता मी अक्षरं लावायला शिकले ती असल्याच दिनदर्शिकेवर. उद्या षष्ठी, हे मला स्पष्ट वाचता येत होतं.

तो साबुदाणा बघवेना. शेवटी गौरीला खरं सांगितलं.

"अहो आई, तिथी मी तेव्हाच पाहिली होती," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांशिवाय बाहेर जेवणं जड जात असेल तुम्हाला."

माहीत असूनही तिने शेवटचा साबुदाणा भिजवला. खोट्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटतेय.