दंडावरच्या दीडशहाण्याची तपासणी

३ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण तांत्रिक आहे, भावनिक नाही.

लेकीने परगावाहून पाठवलेला सेन्सर काल डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या दंडाला चिकटवला. कोटाच्या बटणाएवढा आहे. त्याची केसासारखी तार कातडीखाली जाते. दिवसभर साखर मोजत राहतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो. माझ्याही आणि लेकीच्याही. ही दुसरी सोय मला न विचारता केलेली आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन आठवडे आकडे बघू. असेच चढे राहिले तर नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, इन्सुलिनची सुई सुरू करू. मी म्हटलं, जरूर. सुईला मी घाबरत नाही. फक्त ती मला बघवत नाही, एवढंच.

संकल्प: साखर पूर्ण बंद. चहात एकच चमचा.

पहिला आकडा २११. अशक्य.

४ ऑक्टोबर

आकडा चुकीचा आहे हे उघड आहे. आता फक्त सिद्ध करायचं. वजनकाट्यांच्या कारखान्यात, तपासणी विभागात उभी हयात काढली. माझ्या सहीशिवाय एक काटा दाराबाहेर पडला नाही. जरा फरक दिसला की माल परत. कामगार मला 'परतसाहेब' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे नाहीत, यावरून किती आदर होता ते कळतं.

सेन्सरचं नाव दीडशहाणा ठेवलं.

घरात बोट टोचून रक्त तपासायचं जुनं मीटर आहे. न्याहारीनंतर टोचलं. (डोळे मिटून.) मीटर ३२२, दीडशहाणा १९६. माणूस एक, वेळ एक, आकडे दोन. मुद्देमालासकट पकडला.

बायकोचं म्हणणं, तुमच्या हाताला जॅम होता. होता, पण रक्त आतून येतं, जॅम बाहेर असतो. तिला हे समजावायला पाऊण तास गेला. मध्येच उठून पाणी प्यायला गेली. हल्ली माझं बोलणं सुरू झालं की तिला तहान लागते.

५ ऑक्टोबर

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. कोणी मुलगी होती. तिने पहिला प्रश्न विचारला, हात धुतले होते का. मग म्हणाली, सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. ती रक्ताच्या दहा-पंधरा मिनिटं मागे असते. म्हणून खाल्ल्यावर लगेच ताडून बघू नका, जेवणाआधी, साखर स्थिर असताना बघा. आणि शंभराला दहा-बारा इकडेतिकडे असले तर ते चालतं.

चालतं! आमच्याकडे असं चालवलं असतं तर वाण्यांनी मिरवणूक काढली असती. मी तिला माझा अनुभव, माझा हुद्दा, माझी कारकीर्द सविस्तर सांगितली. ती म्हणाली, "बरं काका." मी कोणाचा काका?

६ ऑक्टोबर

साबणाने हात धुऊन, जेवणाआधी टोचलं. मीटर १७४, दीडशहाणा १६८.

बोलाफुलाला गाठ पडली. यात काही नाही.

८ ऑक्टोबर

भल्या पहाटे मोबाइल बोंबलायला लागला. आकडा ५८. तिकडे लेकीचाही बोंबलला. तिचा फोन, रडवेला आवाज, बाबा डोळे उघडे आहेत ना. बायकोने धावत येऊन साखरेचं पाणी तोंडात ओतलं. येताना पलंगाला ठेचकाळली, टाचेला जरा रक्त दिसलं. मी पाणी प्यायलो. गोड होतं, बरं लागलं, म्हणून आणखी एक पेला मागितला. मग टोचून बघितलं तर मी ठणठणीत.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, काका, डाव्या कुशीवर झोपला होतात का? सेन्सर अंगाखाली दाबला गेला की खोटा खाली उतरतो. उजव्या कुशीवर झोपत जा.

म्हणजे वजन पडलं की बिघडणारं यंत्र. हे मला, काट्याच्या माणसाला सांगते.

९ ऑक्टोबर, दुपार

नीट विचार केल्यावर कालच्या माहितीत एक चांगली बाजू दिसली.

जेवण झालं. चाचणीचा माल म्हणून चार बिस्किटं घेतली. मग भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर आडवा झालो. मोबाइलवरची रेघ जी खाली आली, ती बघून डोळे निवले. याला फसवणूक म्हणत नाहीत. यंत्राला वळण लावणं म्हणतात.

१० ऑक्टोबर

लेकीने विचारलं, बाबा, दुपारी जेवल्यावर तुमची साखर एकदम कशी उतरते? मी म्हटलं, व्यायाम. कोणता, म्हणाली. म्हटलं, दंडाचा. खोटं नाही.

बायको मात्र दिवसेंदिवस आळशी होत चालली आहे. सकाळी दहालाच आडवी. चहा मागावा तर म्हणते, अहो, अंगात त्राणच नाही, तुम्ही करता का? ज्याची तब्येत दोन आठवडे तपासणीखाली आहे, त्याला चहा करायला सांगते. केला. साखरेचा डबा हाताशीच असल्यामुळे संकल्पाला किरकोळ धक्का.

११ ऑक्टोबर

सुचलं. आश्चर्य एवढंच की मला इतका उशीर लागला.

कारखान्यात काट्याचा संशय आला की आम्ही त्याच्यावर प्रमाण वजन ठेवायचो. पितळी, मखमलीच्या पेटीतलं, ज्याच्याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही असं. किलोचं प्रमाण वजन ठेवून काटा सव्वा किलो दाखवायला लागला की खोटं कोण ते पोरालाही कळतं. तर सेन्सर तपासायला काय हवं? प्रमाण माणूस. निरोगी, निर्धोक.

घरातच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईने कधी अंथरूण धरलं नाही. डॉक्टरांकडे जाते ती माझी पिशवी धरायला. आणि लक्षणं बघा: भरपूर पाणी पिते, बाटल्यांवर बाटल्या. पथ्य न करता बारीक झाली, ब्लाउज सैल झालेत. इथे मी काकडी खाऊन तसूभर हलत नाही. चष्मा तेवढा पुन्हा बदलायला झाला आहे, पण डोळ्यांचा आणि साखरेचा काय संबंध.

लेकीने सेन्सरची जोडी पाठवली होती. दुसरा बायकोला लावू.

तिने आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, लावा एकदाचा, म्हणजे तुमचं तोंड तरी बंद होईल.

१२ ऑक्टोबर

विजय.

बायकोचा आकडा २८९. माझ्याहून जास्त. मी पोट धरधरून हसलो. प्रमाण वजन तिप्पट दाखवणारा काटा. सगळी खेप सदोष.

ताबडतोब हेल्पलाइन. हसतच सांगितलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी सेन्सर थोडा चुकू शकतो. (वही जवळ होती, तिचे शब्द तिथल्या तिथे लिहून घेतले.) पण एवढा नाही चुकत काका, त्यांचं बोट टोचून बघा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या, आजच. मी म्हटलं, प्रमाण वजनाला कोणी टोचत नसतं. स्वतःचा दोष गिऱ्हाइकाच्या घरात ढकलायची पद्धत जुनीच आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

१३ ऑक्टोबर

तरी पुरावा पक्का असावा म्हणून बायकोचं बोट टोचलं. हात साबणाने धुऊन, जेवणाआधी, त्या पोरीच्या नियमांनी. तिला दुखलं नाही की काय, तोंडातून चकार शब्द नाही.

मीटर ३०१. सेन्सर ३०८.

याचा अर्थ एकच: मीटरही बिघडलं आहे. कंपन्या वेगळ्या, लबाडी एक. चोराची साक्ष चोराने दिली म्हणून तो साव ठरत नाही. सविस्तर तक्रार लिहायला बसलो.

बायको जेवली नाही. म्हणाली, मला जरा पडू द्या, डोळ्यांपुढे धुरकट दिसतंय. मी म्हटलं, पड. पण सेन्सर दाबू नकोस, आकडा खराब होईल.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

लेकीला मोठ्या अभिमानाने दोन्ही आकडे कळवले. शाबासकी सोडा, फोनवर किंचाळली. बाबा, आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी म्हटलं, आधी तक्रार पूर्ण होऊ दे, तिचं परिशिष्ट राहिलंय. तिने फोन आपटला. उद्या सकाळी येते आहे. आली की तिला आलेख दाखवीन. शिकलेली आहे, पटेल.

१४ ऑक्टोबर, दुपार

लेक आली ती बूटही न काढता आईच्या खोलीत गेली. आलेख टेबलावरच राहिले.

सगळे डॉक्टरबाईंकडे. माझ्या दृष्टीने उत्तमच झालं. लॅबमध्ये शिरेतून रक्त काढतात, त्यापुढे कोणाची मखलाशी चालत नाही. मी मुद्दाम सांगून दोघांचंही रक्त एकाच वेळी काढायला लावलं आणि त्या क्षणीचे सेन्सरचे आकडे सगळ्यांसमोर लिहून ठेवले. अशी चोख तपासणी त्या लॅबने पाहिली नसेल.

बाकावर बसलो असताना लेकीला प्रमाण वजनाची कल्पना समजावून सांगितली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, ती पेटीतली वजनं तुमच्याकडे कोणी तपासत होतं का?"

म्हटलं, अर्थातच. दरवर्षी. तपासून आल्याशिवाय मी त्यांना हात लावू देत नसे.

"आणि आईला शेवटचं कधी तपासलं?"

मी आठवायला लागलो.  मग आमचा नंबर आला.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

लॅबचे आकडे.

मी: लॅब १८७, सेन्सर १८१.
बायको: लॅब ३३८, सेन्सर ३२९.

डॉक्टरबाईंनी माझी फाइल उघडलीच नाही. बायकोची चप्पल काढायला सांगितली. टाचेजवळ जखम. मी ठेच समजत होतो. किती दिवसांची, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, झाले असतील दोन-तीन महिने, पण दुखत नाही म्हणून बोलले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखत नाही हेच वाईट आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या लक्षात नाही आलं?

मी म्हटलं, माझं सगळं लक्ष अचूकतेकडे होतं.

त्यांनी बायकोला तिथेच ठेवून घेतलं. पाय वाचेल का, असं लेकीने दारात हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, वाचवायचा प्रयत्न करू, आणखी आठवडा गेला असता तर मी हेही म्हटलं नसतं. जाता जाता मला विचारलं, दुपारी कोणत्या कुशीवर झोपता हो? मी खरं सांगितलं. लेकीच्या मोबाइलवरची रेघ बघून त्यांना आधीच कळलं होतं.

१५ ऑक्टोबर

हेल्पलाइनला फोन केला. तक्रार मागे घेतली. मुलीने पहिला प्रश्न विचारला, काकू कशा आहेत. सगळं सांगितलं, लॅबच्या आकड्यांसकट.  काट्यावर ठेवलेलं सगळं मला दिसायचं असा माझा समज होता.

१९ ऑक्टोबर

पाय वाचला. चालायला वेळ लागेल.

बायकोला घरी सुई लागणार. लेकीला परत जायचं आहे, बायकोला सुईवरचे बारीक आकडे अजून दिसत नाहीत. नर्सने विचारलं, घरात दुसरं कोण आहे? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणाच्याच तोंडावर फारशी आशा नव्हती.

शिकलो. डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्यांदा मी ते मिटले, नर्सने सुई काढून घेतली. दुसऱ्यांदा बायको म्हणाली, टोचा हो, मी काही वजन नाही खाली पडायला. टोचली. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काही केलं नव्हतं, आणि सही करायची नव्हती.

दुखलं का, असं विचारलं. 

"दोन दिवस माझ्या दंडाकडे बघून हसत होतात," ती म्हणाली. "मान जरा वर केली असती, तर वर मीच होते."

मी सुईला टोपण लावलं.  थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. मोबाइलवर तिचा आकडा बघितला. १९४.

ताडून बघितला नाही. बरोबरच असणार.