चित्रातले आकडे

११ फेब्रुवारी
पुन्हा अडलं! महामंडळाच्या लिपिक भरतीचा अर्ज. मला दिसत नाही; बोलणारा फोन कानाशी, बोट स्क्रीनवर, बोटाखालचं तो वाचून दाखवतो. नाव झालं, पत्ता झाला, शिक्षण झालं. आणि शेवटी — "चित्र." एवढंच बोलतो फोन. खाली रकाना: चित्रातले आकडे लिहा. कोणते आकडे? ऐकायची सोय कुठंच नाही. पुढं "बटन. बटन. बटन." कोणतं कशाचं, ते फोनलाही माहीत नाही. दहा मिनिटं झाली की सगळं पुसलं जातं. सहा वेळा भरलं. सहा वेळा पुसलं.
मुदत वीस तारखेच्या पाचपर्यंत.

१२ फेब्रुवारी
आई म्हणाली, "नेटच्या दुकानात जाऊन भरून घे की. येवढा हट्ट काहून?"
गेल्या वर्षी दुकानातच भरला होता. त्या माणसाला घाई. 'अपंगत्व' पुढं त्यानं 'नाही' दाबलं. मला वाचून कोण दाखवणार? यादी लागली तेव्हा कळलं. वर्ष गेलं.
वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची भरती. या वेळी माझ्या हातानंच.

१४ फेब्रुवारी
मदत क्रमांकावर चाळीस मिनिटं थांबले. "मॅडम, साइट बराबर चालून राहिली. कोणाला तरी सोबत घ्या ना."
म्हटलं, "तुमी डोळे मिटून भरून बघा."
फोन ठेवला!
मग मेल लिहिला. कुठं अडतं, फोन काय बोलतो, कुठं मुका होतो — एकेक पायरी. रागातच पाठवून दिला.

१७ फेब्रुवारी
एका बाईचा फोन. निता राठोड. साइट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मेल त्यांच्यापर्यंत पोचला! आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या, साखऱ्याच्या तांड्यावरच्या निघाल्या, आता पुण्यात. म्हणाल्या, "थांबा, मीच बघते." दुसरा फोन बोलता केला, "डोळे मिटले," म्हणाल्या. मला ऐकू येत होतं — बटन, बटन, बटन.
"दीक्षाताई, हे मीच बनवलंय."
म्हटलं, "मग वीस तारखेच्या आत दुरुस्त होईल का?"

१८ फेब्रुवारी
निताताईंचे साहेब म्हणतात, मुदत संपल्यावर बघू. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा एकटीचा अर्ज मी इकडून भरून देते. कोणाला कळणार न्हाई."
खोटं कशाला लिहू — हो म्हणावंसं वाटलं. पण परत दुसऱ्याचा हात? आणि माझ्यासारखे बाकीचे? "नको," म्हटलं. "साइट दुरुस्त करा."
बाबांनी ऐकलं. ताट तसंच ठेवून उठले. "देव दारात आला तर त्याला हाकलून देती ही पोरगी!"

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. सुट्टी. बाहेर ढोल. निताताईंचा फोन बंद. मी चुकले का?

२० फेब्रुवारी
दीड वाजता निरोप: "साहेबांना न विचारताच केलंय. बघा."
उघडलं. "चित्र. आकडे ऐकण्यासाठी बटन." दाबलं. सात, दोन, नऊ, चार! पुढं "छायाचित्र जोडा." "अर्ज पाठवा." प्रत्येक बटनाला नाव! 'अपंगत्व' तीनदा ऐकलं — होय. होय. होय. पाठवला. दोन वाजून दहा मिनिटं.
आईला मिठी मारली. मग आमच्या अंधशाळेच्या ग्रुपवर आवाज टाकला — "आता भरता येतो! पाचच्या आत भरा रे!"

२४ फेब्रुवारी
निताताईंचा फोन. साहेब रागावले, पण नोकरी टिकली. आवाजात आनंद मावत नव्हता. "दीक्षाताई, वीस तारखेला दुपारनंतर आपल्या हिंगोलीसाठी दृष्टिहीनांचे नऊ अर्ज आले! आधी एकही नव्हता."
जिल्ह्यात आमच्यासाठी राखीव जागा एकच आहे.
मी भरतीच्या परीक्षेसाठी गणिताचा पाठ ऐकायला लावला.