खाली कर

प्रिय दुर्वा,

हे फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा मला स्पीकर लावायला लावतात, म्हणून कागद घेतला. नोकरी सोडून तू पंधरा तारखेला जबलपूरला येणार आणि बाबांची कोरीवकामाची मशीन चालवणार, हे काल ऐकलं. राजीनामा दिला नसशील तर आधी हे वाच.

मशीन ठणठणीत आहे. तिला काय धाड भरली आहे! मागच्या खोलीत ती आली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तिचं तेलपाणी मीच करते. दर रविवारी ब्रशने भुसा काढायचा, रुळांवरचं काळं झालेलं तेल फडक्याने पुसायचं, नवं दोनच थेंब सोडायचं. उभ्या स्क्रूला गोहलपूरहून आणलेलं ग्रीस लावायचं आणि ते सगळीकडे पसरावं म्हणून बटणं दाबून मोटर वर-खाली न्यायची. ग्रीस जास्त झालं की भुसा चिकटतो, कमी झालं की करकर होते. करकर झाली की माझ्या पाठीचं काय व्हायचं ते तू दाराआडून पाहिलं आहेस. "काहून इतकं कोरडं ठेवून राहिली?" म्हणत बाबांच्या हाताला लागेल ती लाकडी पट्टी. भेडाघाटच्या दुकानातून लोक आपले सागवानी गणपती हात जोडून घेऊन जातात. त्यांच्या उरलेल्या लाकडाचे किती तुकडे माझ्या अंगावर तुटले, ते त्या गणपतीलाच ठाऊक. तुझ्या डाव्या कानावर बसली तीही सागवानाचीच. त्या कानाने तुला अजून ऐकू येत नाही, आणि तू बाबांची सेवा करायला निघालीस! राग येतो मला तुझा. माझ्यावर गेलीस म्हणून जास्तच येतो.

लग्न होऊन अकोल्याहून इथे आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी आजी म्हणाली, "बादली खाली कर." मी भरलेली बादली ओट्यावरून उचलून जमिनीवर ठेवली. इथल्या घरच्या मराठीतही खाली म्हणजे हिंदीतलं, रिकामं, हे मला कुठे माहीत? सगळे पोट धरून हसले. मीही हसले. तेव्हा तुझ्या बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. ती त्यांची पहिली थप्पड.

आता बाबांच्या अपघाताच्या त्या रविवारचं सांगते. ग्रीस लावून झालं होतं. मोटर गरम व्हायला नुसती फिरत होती, तिच्या टोकाला अणकुचीदार पातं होतं. खाली टेबलावर ग्रीसचा डबा, फडकी, पाने असा पसारा. मोटर फिरत असताना पात्याखाली हात घालायचा नाही, हा नियम त्यांचाच. पण ग्रीस सांडलेलं दिसलं आणि त्यांचं डोकं फिरलं. सकाळपासून दोनदा मला मारून झालं होतं. उजव्या हाताने ते स्वतःच पुसायला लागले आणि ओरडले, "खाली कर!" वर-खालीचे बाण असलेला बटणांचा डबा माझ्या हातात होता. मोटर खाली आली. पातं तळव्यातून आरपार गेलं. त्यांनी हात ओढला, तशी तीन बोटं गेली. भुशाचा रक्ताने लगदा झाला. रुळांवर उडालेलं मी दुसऱ्या दिवशी पुसलं, नाहीतर गंज चढला असता.

शेजारच्या वसुधाताई म्हणतात, भाषेने घात केला. बाबाही भेटायला येणाऱ्यांना सांगतात, "हमारी मैडम की मराठी, क्या करें, भैया!" आणि लोक हसतात. तुला वाटतं, बाबा आता गरीब गाय झाले. परवा त्यांनी मला डाव्या हाताने मारलं. नेम अजून बसत नाही, पण सराव रोज चालू आहे. तू आलीस की सरावाला दोघी होऊ.

म्हणून लिहिते आहे. आईची चूक भरून काढायला तू येते आहेस ना? दुर्वा, चूक झालीच नव्हती. बादलीच्या दिवसापासून एकोणतीस वर्षांत त्या शब्दाला मी एकदाही चुकले नाही. टेबल रिकामं कर म्हणत होते, मला बरोबर कळलं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, खालचा बाण दाबला, आणि दाबून धरला.

तुझीच,
आई